नसलेल्या झाडांचा घेर

शनिवार, ११ तारीख, दुपार

प्रिय आत्या,

मागच्या पत्रातली एक गोष्ट आधी दुरुस्त करते, मग तुझ्या गुडघ्याची चौकशी. कालव्याच्या भागाचा नकाशा ढगामुळे चुकला, असं मी तुला लिहिलं होतं. ढग नव्हता. त्या दिवसाची चित्रं मी पुन्हा उघडून पाहिली, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. आणि खरं सांगायचं तर ते वाक्य लिहितानाच मला ठाऊक होतं की ढगामुळे असली चूक होत नाही. ढग आला की खालचं हिरवं झाकलं जातं. जिथे झाड नाही तिथे झाड उगवत नाही. आमच्याकडे हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. तरी मी लिहिलं, कारण चुकीला काहीतरी कारण द्यायला हवं होतं, आणि ढग कुणाचा नातेवाईक नसतो.

आता गुडघा. बाबा सांगत होते की शस्त्रक्रियेनंतर त्यांच्याकडे तू काठी घेऊन गॅलरीच्या दारापर्यंत जातेस, आणि व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीलाच दरडावतेस की बाई, तुझे आकडे चुकतात, दहा म्हणून आठच मोजलेस. ऐकून बरं वाटलं. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण आपल्या घरात फोन म्हणजे जाहीर सभा. बाबा स्पीकर लावतात, आई स्वयंपाकघरातून पुरवण्या जोडते, आणि तुझ्या तब्येतीची उत्तरं तू सोडून सगळे देतात. इथे तुझी खोली मी रोज उघडते. खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालते. कोपऱ्यातली तिसरी कुंडी गेली. उन्हाने नाही, माझ्यामुळे. पाणी जास्त झालं. तू आल्यावर तुला कळलंच असतं, तरी आधीच सांगून टाकते.

तुला आठवतं, मी या नोकरीला लागले तेव्हा तू विचारलं होतंस, वरून पाहून झाड कसं कळतं गं? मी मोठ्या तोऱ्यात समजावलं होतं. उपग्रहाच्या चित्रात जमिनीचे चौकोन असतात, दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. जिवंत पान एक असा प्रकाश परत फेकतं जो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण उपग्रहाला दिसतो. तो जास्त दिसला की तो चौकोन हिरवा. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, वा, म्हणजे सातशे-आठशे किलोमीटरवरून यांना पान दिसतं, आणि आमच्या खात्यातल्या अर्ध्या लोकांना टेबलासमोर उभा असलेला माणूस दिसत नव्हता. मग तू नेमका तोच प्रश्न विचारलास ज्यावर आमचं सगळं काम अडतं. पान गवतालाही असतं, वेलीलाही असतं. मग झाड कुठलं आणि गवत कुठलं, हे कोण सांगणार? ते जमिनीवर जाऊन माणूसच सांगतो, असं मी म्हणाले. शहरभर काही ठिकाणं निवडायची, तिथे माणसाने जाऊन पाहायचं, इथे झाड आहे, इथे हिरवळ आहे, इथे नुसती माती आहे, असा तक्ता भरायचा. त्यातले अर्धे तक्ते दाखवून संगणकाला शिकवायचं, आणि उरलेल्या अर्ध्यांवर त्याची परीक्षा घ्यायची. तू हसलीस. म्हणालीस, मग उपग्रह कशाला हवा, मलाच विचारा की, या शहरातलं झाड न् झाड मी हात लावून पाहिलंय.

हे वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. पाहणीसाठी माणूस शोधायची वेळ आली तेव्हा मी साहेबांना तुझं नाव सुचवलं. उद्यान खात्यात एकतीस वर्षं काढलेली वृक्ष-निरीक्षक, निवृत्त, सगळं शहर पाठ असलेली. साहेब खूश झाले. अर्जात एक रकाना होता, प्रकल्पातल्या कुणाशी नातं आहे का. तिथे मी आडवी रेघ मारली. त्या रेघेबद्दल मी तुला कधी बोलले नाही. पाहणी करणारा त्रयस्थ असावा असा नियम आहे आणि तो मला तोंडपाठ होता. मनात म्हटलं, आडनाव एक असलं म्हणून काय झालं, तुझ्याइतकं काटेकोर त्रयस्थ माणूस तरी कुठे मिळणार?

आणि तू नको म्हणाली होतीस. दोनदा. पहिल्यांदा म्हणालीस, आता नवीन लोकांना करू दे. दुसऱ्यांदा म्हणालीस, एकशे ऐंशी ठिकाणं फार होतात गं पट्टी, माझी गाडी जुनी झाली. मी ते चेष्टेवारी नेलं. म्हटलं, जुन्या गाड्याच टिकतात. मला तुझ्याबरोबर पुन्हा एकदा काम करायचं होतं. ते किती हवं होतं हे तुला दिसलं, म्हणून तू हो म्हणालीस, असं आता वाटतं.

लहानपणचं आठवलं की आजही माझ्या हाताला फितीचा स्पर्श होतो. छातीच्या दुखण्यामुळे मी नऊ वर्षांची होईपर्यंत शाळा पाहिली नाही. आई-बाबा कामावर, आणि मी तुझ्या फिरतीवर. तू मला झाडांवर शिकवलंस. बेरीज म्हणजे रस्त्याच्या दोन्ही कडांची झाडं. भागाकार म्हणजे चाळीस रोपं आणि सहा माणसं. बुंध्याचा घेर छातीच्या उंचीला मोजायचा, माझ्या छातीच्या नाही, तुझ्या, म्हणून तू मला दगडावर उभी करायचीस आणि फीत माझ्याकडे द्यायचीस. आकडा मी सांगायचा, वहीत तू लिहायचा. एकदा मी कंटाळून न मोजताच शंभर म्हणाले, आणि तू वही मिटून तिथेच पायरीवर बसलीस. रागावली नाहीस. मी परत मोजेपर्यंत नुसती बसून राहिलीस. सत्त्याऐंशी होता. पट्टी हे नावही तेव्हाचंच. घरात मी ताट, उशी, बाबांचं नाक, सगळं मोजत सुटायचे म्हणून तू ठेवलंस, आणि त्यापायी माझं खरं नाव घरात कुणी उच्चारलंच नाही.

तर नकाशा तयार झाला. परीक्षेत संगणकाला शंभरपैकी त्र्याण्णव मिळाले. आमच्याकडे ऐंशीला पेढे वाटल्यासारखा आनंद होतो, इथे तर त्र्याण्णव. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. ढापण्या, म्हणजे आमच्याकडचा जाड चष्म्याचा प्रोग्रामर, त्याने तर विचारलं की तुझी ही निरीक्षक बाई आहे की दुर्बीण? मी तुला त्या दिवशी जिन्यातूनच फोन केला होता. तू एवढंच म्हणालीस, बरं झालं. मला वाटलं तू दमलेली आहेस.

त्याच नकाशावरून कालव्याच्या भागात झाडांची सावली अठ्ठावीस टक्के ठरली. पंचवीसच्या वर सावली असेल तर रस्ता रुंद करायला झाडं तोडता येतात, अशी इथली अट आहे. म्हणून कालव्याकाठची दोनशे बारा झाडं तोडायची परवानगी पुढे सरकली. हे मी मागच्या पत्रात लिहिलं होतं, आणि ढगाचं शेपूट जोडून दिलं होतं, की थोडी चूक आहे पण आम्ही बघतो आहोत.

आता ती चूक मला कशी दिसली ते सांगते. आमच्या ऑफिसच्या मागच्या खिडकीतून एक रिकामा प्लॉट दिसतो. त्यावर रानवेल माजली आहे, गुडघाभर. डबा खाताना मी रोज त्याच खिडकीत बसते. एक दिवस सहज नकाशावर आमचीच इमारत शोधली, तर मागचा प्लॉट गर्द हिरवा, दाट झाडी. मी घास तोंडात धरून खिडकीबाहेर पाहिलं. झाड सोड, खांबही नाही. ढापण्याला दाखवलं. तो म्हणाला, एक प्लॉट चुकला म्हणून काय जीव देतेस, ढग असेल. म्हटलं, ढग? म्हणाला, अगं, असं म्हणायचं असतं. हे असं म्हणणं मी आठवडाभर वापरलं. तुला लिहिलेल्या पत्रातही.

 पण संगणक वेलीला झाड म्हणायला शिकला कुठून, ते मी मागे मागे जाऊन शोधलं. त्याला शिकवलेल्या तक्त्यांपैकी काही तक्ते असे निघाले, जिथला प्रकाश वेलीसारखा होता आणि तक्त्यात झाड लिहिलं होतं. पहिला होता एकशे चौदा नंबरचा. तुझ्या स्वच्छ अक्षरात: गुलमोहर, घेर दोनशे चौदा सेंटीमीटर, पश्चिमेकडे ढोली. रविवारी मी तिथे गेले. पत्ता अचूक होता, गल्ली होती, कोपऱ्यावर किल्ल्या बनवणाऱ्या बाईंचं दुकान होतं. गुलमोहर नव्हता. गाद्यांच्या गोदामामागचं एक कुंपण, आत वेलींचा गालिचा. मी त्या बाईंना विचारलं, इथे मोठं झाड होतं का? त्या कानशीने किल्ली घासत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, होतं की. माझ्या लग्नाच्या आधी पडलं ते. म्हटलं, कधी? तर म्हणाल्या, पोरगी कॉलेजात आहे आता, लाव हिशोब. मग माझ्या हातातला कागद पाहून विचारलं, काय गं, शोधायला इतकी वर्षं लावलीत होय तुम्ही ऑफिसवाल्यांनी? ढोली कुठल्या बाजूला होती, हेही मी विचारलं. त्यांनी किल्लीने पश्चिम दाखवली.

मग तीन रविवार मी तेच केलं. साठ ठिकाणं पाहून झाली. सदतीस तक्ते बरोबर, झाडं जिथल्या तिथे, नावही बरोबर. तेवीस ठिकाणी झाड नाही. कुठे वेल, कुठे मुलांचं मैदान, कुठे पाण्याची गळकी टाकी आणि तिच्याभोवती माजलेलं गवत. एका जागी सुरूच्या झाडाचा बुंधा कापून त्यावर फळी ठोकली आहे, बस थांबते तिथे, माणसं त्यावर बसतात. मीही बसले. पहिल्या रविवारी मला वाटलं तुझा नंबर लिहिताना गोंधळ झाला. दुसऱ्या रविवारी वाटलं, तुझी पाहणी आणि चित्र यांच्यामध्ये सहा महिने गेले, तेवढ्यात तोडली असतील. फळीवर बसलेल्या आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, मी इथे बसायला लागलो त्यालाच दहा वर्षं झाली. तेव्हा माझ्याकडची कारणं संपली.

त्याच आठवड्यात बाबांचा फोन. तुझ्या शस्त्रक्रियेचं कौतुक चाललं होतं. म्हणाले, डॉक्टर थक्क झाले गं, म्हणाले या बाई गेलं वर्षभर चालल्या तरी कशा, आत हाडावर हाड घासत होतं, जिने चढणं तर अशक्यच. बाबा हे अभिमानाने सांगत होते, आमची ताई म्हणजे लोखंड. मी हं हं करत होते आणि डोक्यात एकच भागाकार चालला होता. एकशे ऐंशी ठिकाणं, एकवीस दिवस. रोज आठ-नऊ. त्या गुडघ्यावर.

मग बाबांनी तुझ्या जुन्या तपासण्यांचे कागद पाठवायला सांगितले. तुझं कपाट उघडलं. कागदांच्या खाली तुझ्या फिरतीच्या वह्या होत्या. आत्या, मी परवानगी न घेता त्या उघडल्या, हे लिहून ठेवते. बावीस वर्षांपूर्वीची वही. गाद्यांच्या गोदामामागची गल्ली: गुलमोहर, एकशे अठ्ठेचाळीस, पश्चिमेला ढोली. तक्त्यात दोनशे चौदा. मधला फरक सहासष्ट. मला वाटलं, घाईत काहीतरी आकडा टाकला असशील. मग दुसरं झाड पाहिलं, तिसरं पाहिलं. गुलमोहराला दर वर्षी तीन. सुरूला दोन. फळीखालच्या सुरूचा घेर वहीत ऐंशी, तक्त्यात एकशे चोवीस. बावीस वर्षं, वर्षाला दोन, चव्वेचाळीस. एकही बेरीज चुकलेली नाही. तेवीसच्या तेवीस झाडांना तू वय वाढवून दिलं आहेस. जी पडली, जी कापली, ज्यांच्यावर माणसं बसतात, ती सगळी तुझ्याकडे वाढत राहिली. मी तुझ्या पलंगावर बसले आणि मला रडू आलं, आणि कशासाठी ते नीट सांगता येत नाही.

तुला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, माझा वाटा पुढे येतो आहे. नकाशाचा पहिला मसुदा झाला तेव्हा एकशे चौदा नंबरच्या चौकोनापुढे संगणकाने खूण केली होती. तक्ता आणि चित्र जुळत नाही, पुन्हा तपासा. अशा एकोणतीस खुणा होत्या. तपासायला जायचं काम माझं होतं. मी गेले नाही. तुझं अक्षर पाहिलं आणि एकोणतीसही खुणा पुसल्या. यंत्र नवीन आहे, आत्याने हात लावून पाहिलंय, असं मनाशी म्हणाले. मग यंत्रानेही हार मानली आणि वेलीला झाड म्हणू लागलं. त्र्याण्णव गुण पडले ते यामुळेच. जे तक्ते दाखवून शिकवलं, तसल्याच तक्त्यांवर परीक्षा घेतली. लहानपणी तूच शिकवायचीस आणि तूच परीक्षा घ्यायचीस, पण तेव्हा मध्ये एक खरं झाड असायचं.

मी साहेबांकडे गेले. तुझं नाव न घेता म्हटलं, कालव्याच्या भागातले काही तक्ते शंकास्पद आहेत, मी स्वतः तपासलं, खरी सावली सतरा-अठरा टक्क्यांच्या आसपास येईल. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, पोरी, हिरवं कमी दाखवलं तर लोक भांडायला येतात. जास्त दाखवलं म्हणून आजवर कुणी आलंय? म्हटलं, झाडं तुटतील. म्हणाले, झाडं रस्त्यासाठी तुटतायत, तुझ्या नकाशासाठी नाही. मग जरा मऊ होऊन म्हणाले, दुरुस्ती करायचीच असेल तर रीतसर अर्ज दे, मी अडवणार नाही. पण त्यात कारण लिहावं लागतं, आणि तक्ता कुणी भरला त्याचं नाव. विचार कर. तुम्हा दोघींचं आडनाव एकच आहे हे मला वाचता येतं. त्यांना सगळं पहिल्यापासून माहीत होतं, आणि मी आडव्या रेघेआड लपले होते.

तो अर्ज गेले दहा दिवस माझ्या पिशवीत आहे. ऑफिसला जाते, काढते, परत ठेवते. ढापण्या म्हणतो, अगं अंडं आहे का ते, उबवतेस कशाला? रोज संध्याकाळी मी कालव्याकडून घरी येते, लांब पडतं तरी. झाडांना खडूने नंबर घातले आहेत. एक ते दोनशे बारा. तू खात्यात नवीन होतीस तेव्हा चार माणसं आणि एक हातगाडी घेऊन तू ती लावलीस, हे मला पाठ आहे. पहिल्या उन्हाळ्यात तू स्वतः बादल्या वाहिल्यास तेही. कालव्याच्या पलीकडच्या चाळीत दुपारी खाटा बाहेर निघतात, या झाडांखाली. तिथे एक बाई आपल्या म्हाताऱ्या सासऱ्यांना पंख्याखाली न बसवता सावलीत आणून बसवते, कारण घराचा पत्रा तापतो. ती मला ओळखायला लागली आहे. काल म्हणाली, तू मोजणीवाली ना, बाई, आमच्या झाडांचा नंबर यायला किती दिवस राहिले गं?  वाटेत दोनदा पिशवी चाचपली.

तू माझ्या मागच्या पत्राला उत्तर पाठवलंस. दोन पानं, सगळी गुडघ्याची आणि आईच्या भाजीतल्या मिठाची. माझ्या पत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तू नेहमी लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवतेस. यावेळी ढगाच्या वाक्यालाही हात लावला नाहीस, आणि तोडायच्या झाडांबद्दल एक अक्षर नाही. तुझी झाडं, आत्या. ते पत्र मी चार वेळा वाचलं. चौथ्यांदा कळलं की तुला सगळं कळलं आहे, आणि तू माझी वाट बघते आहेस. किंवा मी विसरून जावं याची. हे दोन्ही एकाच पत्रातून वाचता येतं, आणि त्यातलं कुठलं खरं, हे शोधायला माझ्याकडे कुठलंही चित्र नाही.

तुला विचारावं असं फार वाटलं. पानंच्या पानं लिहून फाडली. आत्या, मी सांगू का? तू हो म्हणालीस तर माझ्यावरचं ओझं तुझ्यावर पडेल, नाही म्हणालीस तर मी ऐकेन अशी मला भीती वाटते. म्हणून विचारत नाही. मी अर्ज देणार आहे. कारणाच्या रकान्यात लिहीन की तक्त्यांतली काही माहिती प्रत्यक्ष न जाता आठवणीवरून भरली गेली, संगणकाने दिलेल्या एकोणतीस सूचना मी न तपासता पुसल्या, आणि नात्याची माहिती मी लपवली. नोकरी राहील की जाईल ते माहीत नाही. पण त्या वाक्यातला पहिला तुकडा तुझा आहे, आणि तो तुझ्याबद्दल दुसऱ्या कुणी लिहावा, मीसुद्धा, हे मला सोसत नाही. खात्यातल्या लोकांना तो कागद उघडल्यावर तुझ्या जुन्या गोष्टी आठवतील, त्यांनी तो माझ्या अक्षरात वाचू नये. म्हणून हे पत्र. सोबत पाहणी करणाऱ्याच्या निवेदनाचा कोरा कागद जोडला आहे. हवं तर गुडघ्याचं लिही, किंवा लिहू नकोस. घेर कसे वाढवलेस ते लिही, किंवा नुसतं एक वाक्य आणि सही. बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव, भरलेल्या कागदाचा फोटो त्यांच्या फोनवरूनच पाठवावा लागेल. हे पाकीट आज दुपारच्या टपालाने जाईल, तुला सोमवारी मिळेल. मंगळवार आणि बुधवार तुझे आहेत, त्या दोन दिवसांत मी फोन करणार नाही. शुक्रवारी समिती तोडणीवर सह्या करते. तुझा कागद आला तर त्यासह, नाही आला तर माझ्या अक्षरात, मी अर्ज देईन गुरुवारी, सोळा तारखेला, सकाळी साडेदहाला, दार उघडल्या उघडल्या.

तुझीच,
पट्टी